परदेशात एटीएम पैसे देत नाही: तपासायचं कुठून आणि थांबायचं कुठे

मी पर्यटकांचे गट घेऊन परदेशात जाते. पहिल्या संध्याकाळी हॉटेलवर सामान टाकलं की कुणीतरी हातात कार्ड घेऊन येतंच. "ताई, मशीन पैसे देत नाहीये." प्रत्येकाची तक्रार हीच असते, पण तिच्यामागचे बिघाड निरनिराळे असतात. म्हणून मी आधी एवढंच विचारते, की नेमकं काय झालं? मशीननं काय मागितलं, तुम्ही काय दाबलं आणि शेवटी पडद्यावर काय आलं? तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. साधारण ही लक्षणं दिसतात:

- मशीन कार्ड घेतं आणि पिनही न विचारता लगेच परत देतं.
- "पिन चुकीचा" म्हणतं, आणि तुमची खात्री असते की पिन तोच आहे.
- पिन घेतं, रक्कमही विचारतं, मग "व्यवहार होऊ शकत नाही, आपल्या बँकेशी संपर्क साधा" म्हणतं.
- खात्यात पैसे असून "शिल्लक अपुरी" म्हणतं.
- लहान रक्कम निघते, मोठी निघत नाही. किंवा काल निघाले, आज निघत नाहीत.
- पैसे मिळतात, पण खात्यातून हिशेबापेक्षा जास्त जातात.
- मशीन आत खडखडतं, नोटा बाहेर येत नाहीत, आणि मोबाइलवर पैसे वजा झाल्याचा मेसेज येतो.
- कार्ड आतच राहतं.

शेवटच्या दोन लक्षणांत पुन्हा प्रयत्न करायचा नाही. त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे, थेट तिथे जा.

नकार नक्की कोण देतंय

कार्ड आत गेल्यापासून नोटा बाहेर येईपर्यंत तुमची मागणी चौघांच्या हातून जाते. एक ते मशीन, दुसरी ते मशीन चालवणारी बँक, तिसरं व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क, आणि चौथी तुमची स्वतःची बँक. काही सेकंदांत मागणी चौघांपर्यंत जाऊन परत येते. या चौघांपैकी कुणीही नाही म्हणू शकतं, पण पडद्यावरचं वाक्य मात्र मशीनवाल्यानं लिहिलेलं असतं. पाच वेगळ्या कारणांसाठी तो एकच वाक्य दाखवतो. त्यामुळे त्या वाक्याचा शब्दशः अर्थ लावत बसू नका. पुढच्या सगळ्या तपासण्यांचा हेतू एकच आहे: या चौघांपैकी एकेकाला यादीतून वगळत जायचं.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. "पिन चुकीचा" असं दोनदा आलं की तिसऱ्यांदा पिन टाकायचा नाही. बहुतेक बँका लागोपाठ तीन चुकांनंतर पिन बंद करतात, आणि हा हिशेब तुमच्या बँकेकडे असतो, मशीनकडे नाही. मशीन बदललं म्हणून मोजणी नव्यानं सुरू होत नाही. अर्ध्या तासात सुटला असता असा गुंता लोक घाईघाईत तिसरा प्रयत्न करून चार दिवसांचा करून ठेवतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की कार्ड हातात घेण्याआधी मी पहिला प्रश्न हाच विचारते: "आतापर्यंत पिन कितीदा टाकला?"

पहिली तपासणी: कार्ड पुसा, दुसऱ्या बँकेच्या मशीनवर जा

चिप मऊ कोरड्या कापडानं पुसा. कार्ड कोणत्या बाजूनं घालायचं ते मशीनवरच्या चित्रात बघा. काही मशीनं कार्ड आत ओढून घेतात, तर काहींत आपण अर्धं घालून धरायचं असतं. दुसऱ्या प्रकारात लोक सवयीनं कार्ड लगेच काढून घेतात, चिप वाचून होत नाही आणि मशीन "कार्ड वाचता येत नाही" म्हणतं. काढा असं सांगेपर्यंत काढू नका.

तरीही जमलं नाही तर दुसऱ्या बँकेचं मशीन शोधा. "दुसऱ्या बँकेचं" यावर माझा भर आहे. त्याच बँकेचं शेजारचं मशीन वापरून फक्त एवढंच कळतं की पहिलं मशीन बिघडलं होतं की नाही. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर पैसे निघाले तर मशीन आणि त्याची बँक या दोघांवरच दोष येतो आणि तुमचं काम तिथेच संपतं. निघाले नाहीत तर दोष बहुधा तुमच्या कार्डाच्या बाजूला आहे. फुकटात याहून मोठा पुरावा मिळत नाही.

जमेल तितकं उघड्या शाखेला लागून असलेलं मशीन निवडा, आणि कामकाजाच्या वेळेतच. कार्ड अडकलं तर आत जाऊन माणसाशी बोलता येतं.

दुसरी: चिन्हं जुळतात का

कार्डाच्या मागे किंवा पुढे नेटवर्कची छोटी चिन्हं असतात: व्हिसा आणि तिचं प्लस, मास्टरकार्ड आणि त्याचं सिरस, युनियनपे, जेसीबी, डिस्कव्हर, डायनर्स. त्यांतलं निदान एक चिन्ह मशीनवर असायला हवं. नसेल तर मागणी तुमच्या बँकेपर्यंत पोचतच नाही, मग तुमची बँक काय करणार?

जपानमध्ये हा घोळ सर्रास होतो. तिथल्या पुष्कळ बँकांची मशीनं परदेशी कार्ड घेतच नाहीत. ओसाकाला एक काका झगमगीत बँकेच्या दालनात ओळीनं तीन मशीनं करून आले होते, आणि तिन्ही मशीनं त्याच बँकेची होती. घाम पुसत म्हणाले, "कार्ड गेलं माझं." मी त्यांना रस्त्यापलीकडच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये नेलं. त्या दुकानांत सेव्हन बँकेची मशीनं असतात आणि ती परदेशी कार्डांसाठीच ओळखली जातात. भाषा निवडली, पिन टाकला, आणि दोन मिनिटांत कोऱ्या करकरीत नोटा हातात. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. जपानच्या टपाल बँकेची मशीनंही परदेशी कार्ड घेतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांना वेळेची मर्यादा असते.

काही देशांत तर मशीन बदलून उपयोगच नाही. मार्च २०२२ पासून व्हिसा आणि मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवलं आहे, आणि रशियाबाहेर दिलेली त्यांची कार्डं तिथे चालत नाहीत. इराणमध्येही या दोन्ही नेटवर्कची कार्डं चालत नाहीत. अशा ठिकाणी ही सगळी पोस्ट निरुपयोगी आहे. तिथे जाताना रोख रकमेची सोय निघण्यापूर्वीच करावी लागते.

तिसरी: रक्कम कमी करून बघा

तुमच्या मागणीवर एकाच वेळी तीन मर्यादा लागतात: मशीनची एका व्यवहाराची, तुमच्या बँकेची दिवसाची, आणि खात्यातल्या शिलकेची. तिघींपैकी कुठलीही आड आली तरी नकार येतो, आणि कोणती आड आली ते मशीन सांगत नाही. म्हणून मागितलेल्या रकमेच्या अर्धी किंवा पाव रक्कम मागा. ती निघाली तर पिन, कार्ड, नेटवर्क हे सगळं ठीक आहे हे एका फटक्यात कळतं.

पुन्हा जपानचंच उदाहरण घ्या. सेव्हन बँकेचं मशीन चिप असलेल्या परदेशी कार्डावर एका वेळी १ लाख येनपर्यंत देतं, टपाल बँकेचं ५० हजार. एकीकडे काल निघालेले १ लाख दुसरीकडे आज निघत नाहीत, आणि माणूस बँकेला फोन लावून हैराण होतो.

दिवसाच्या मर्यादेत दोन गोष्टी लक्षात येत नाहीत. पहिली म्हणजे मशीनचं शुल्क मागणीतच मिळवलं जातं. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर बहुतेक बँका दर वेळी २०० बाटांहून जास्त शुल्क लावतात, आणि तुमच्या बँकेकडे जाणारा आकडा मागितलेली रक्कम अधिक शुल्क असा असतो. मर्यादेला अगदी टेकून मागणी केली तर त्या थोडक्या शुल्कापायी सगळा व्यवहार नाकारला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे बँकेचा दिवस बँकेच्या घड्याळानं बदलतो, तुमच्या हातातल्या नव्हे. काही बँका तर तारीख न बघता मागचे २४ तास मोजतात. "काल निघाले, आज नाही" यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मशीनमधल्या लहान नोटा संपल्या असतील तर अडनिडी रक्कमही नाकारली जाते. मोठ्या नोटांत बसेल अशी पूर्ण रक्कम मागा.

चौथी: खातं कोणतं निवडलंत, आणि शिल्लक खरंच मोकळी आहे का

"बचत, चालू की क्रेडिट" असं मशीन विचारतं तेव्हा डेबिट कार्डवाल्यानं आधी बचत निवडावं, नाही जमलं तर चालू. चुकीचा पर्याय दाबला की तुमच्या बँकेला त्या प्रकारचं खातं सापडत नाही आणि उत्तर "शिल्लक अपुरी" किंवा नुसताच नकार असं येतं.

सगळं बरोबर दाबूनही "शिल्लक अपुरी" आलं तर आजच्या दिवसात कार्ड कुठे कुठे दिलंत ते आठवा. हॉटेल आणि गाडी भाड्यानं देणारे अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. खर्च झालेला नसतो, पण ती रक्कम वापरताही येत नाही. गटातल्या एका जोडप्यानं दुपारी हॉटेलात येताना डेबिट कार्ड दिलं होतं आणि संध्याकाळी त्याच कार्डावर पैसे काढायला गेले. अ‍ॅपमध्ये एकूण शिल्लक भरपूर दिसत होती. तिच्या खाली बारीक अक्षरांत "उपलब्ध शिल्लक" होती, तीही जेमतेम. त्यांनी ती ओळ वाचलीच नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, अनामतीसाठी क्रेडिट कार्ड द्या आणि रोख काढायचं डेबिट कार्ड वेगळं ठेवा.

आधी पैसे भरून ठेवलेलं प्रवासी कार्ड असेल तर कोणत्या चलनाच्या कप्प्यात पैसे आहेत ते बघा. युरो भरलेत आणि प्रागमध्ये कोरुना मागताय, तर काही कार्डं आपोआप एका चलनातून दुसऱ्यात वळवतात आणि त्याचं शुल्क लावतात. काही कार्डं वळवत नाहीत आणि शिल्लक नाही म्हणतात.

क्रेडिट कार्डावर रोख काढायची वेळ आली तर रोखीची मर्यादा एकूण मर्यादेपेक्षा बरीच कमी असते. शिवाय व्याज काढल्या दिवसापासून लागतं, खरेदीसारखी सवलतीची मुदत मिळत नाही. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच.

पाचवी: पिन

पिन खरोखर चुकला असेल असं कुणालाच वाटत नाही, आणि निम्म्या वेळा तो चुकलेलाच असतो. कारण विसरणं हे नसतं. रोज वापरणाऱ्या माणसाला पिन आकड्यांनी आठवत नाही, बोटांनी आठवतो. वरून खाली, मग उजवीकडे, असा. परदेशात मशीनवर आकडे वेगळ्या क्रमानं मांडलेले असले किंवा बटणांऐवजी काच असली, की बोटं फसतात.

एका काकूंचं दोनदा चुकलं तेव्हा मी त्यांना मशीनपासून बाजूला घेतलं आणि त्यांच्याच फोनवर नंबर लावायचा कीपॅड उघडून दिला. म्हटलं, आकडे आठवू नका, नेहमीसारखं बोट फिरवा, मी पाठ करून उभी राहते. त्यांनी फिरवलं, पडद्यावर चार आकडे उमटले. "अगं बाई, मी शेवटचे दोन उलटे टाकत होते." आकडे पुसले, मशीनशी जाऊन एकेक बटण बघत पिन टाकला आणि पैसे निघाले. तिसरा प्रयत्न करायचाच असेल तर असा, आकड्यांची खातरजमा करून. अंदाजानं नाही. हा उपाय करताना फोनवरचा कीपॅडच वापरा. कॅल्क्युलेटरवर आकडे उलट्या क्रमानं असतात, तिथे बोट पुन्हा फसेल.

पिनच्या लांबीचाही प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९५६४ प्रमाणे पिन ४ ते १२ आकड्यांचा असू शकतो, पण सगळी मशीनं तेवढा घेत नाहीत. तुमचा पिन सहा आकडी असेल आणि मशीन चार आकड्यांनंतर आपोआप पुढे गेलं, तर ते मशीन सोडा. पहिले चार टाकून बघणं म्हणजे एक प्रयत्न वाया घालवणं. उलट चीनमध्ये स्थानिक पिन सहा आकडी असतात. तिथे तुमचे चारच आकडे टाकून हिरवं बटण दाबायचं. पिनमध्ये अक्षरं धरून एखादा शब्द पाठ केला असेल तर त्याचे आकडे घरूनच काढून ठेवा, कारण अनेक मशीनांवर बटणांवर अक्षरं नसतात.

चार आकड्यांची ही पद्धत सुरुवातीपासूनची. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेनं पैसे देणारं मशीन बसवलं. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांना सहा आकडी क्रमांक ठेवायचा होता, पण पत्नीला चारच आकडे लक्षात राहतात म्हणून चारवर थांबलो, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे.

सहावी: बँकेचं अ‍ॅप उघडा

माझ्या अनुभवात "आपल्या बँकेशी संपर्क साधा" या निरोपाचं सर्वांत नेहमीचं उत्तर इथे सापडतं. बऱ्याच बँका नवीन कार्ड देताना परदेशातला वापर बंद ठेवूनच देतात. तो चालू करताना लोकांची एक चूक होते. दुकानातला वापर, ऑनलाइन खरेदी आणि एटीएम यांची बटणं अनेक अ‍ॅपमध्ये वेगवेगळी असतात. परदेशात दुकानात कार्ड चालतंय म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि एटीएमचं बटण बंदच असतं. बटण चालू असूनही परदेशातल्या रोखीची मर्यादा शून्यावर असलेली मी पाहिली आहे. तीही बघा. बदल केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या, मग मशीनकडे जा.

कार्डाची मुदत बघा. मुदत संपत आली की बँक नवीन कार्ड घरी पाठवते. घरच्यांनी ते चांगल्या मनानं चालू करून ठेवलं, तर तुमच्या खिशातलं जुनं कार्ड त्याच क्षणी निकामी होऊ शकतं. एका मुलानं आईला मदत म्हणून नेमकं हेच केलं होतं, आणि कारण सापडायला आम्हाला अख्खी सकाळ लागली.

मग आलेले मेसेज बघा. परदेशातली मागणी संशयास्पद वाटली तर बँक "हा व्यवहार तुम्हीच करताय का" असं विचारते आणि उत्तर येईपर्यंत कार्ड थांबवून ठेवते. तुमचं घरचं सिम पाकिटात आणि फोनमध्ये तिथलं सिम असेल, तर हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. घरचं सिम फोनमध्ये चालू ठेवा, निदान मेसेज येण्यापुरतं.

यांतलं काहीच नसेल तर बँकेचीच यंत्रणा काही वेळ बंद असेल. बँका देखभालीची कामं त्यांच्या मध्यरात्रीनंतर काढतात, आणि ती वेळ तुमच्याकडे भर दुपारची असू शकते. तास-दोन तास थांबून पुन्हा बघणं हाही एक उपाय आहे.

सातवी: बँकेला फोन, आणि नेमकं काय विचारायचं

इथपर्यंत आलात तर पुढचं तुमच्या हातात नाही. मशीन बदलत फिरू नका, फोन करा. कार्डामागचा मोफत क्रमांक परदेशातून बहुतेकदा लागत नाही. देशाच्या कोडसकटचा दुसरा क्रमांक बँकेच्या संकेतस्थळावरून घ्या. इंटरनेटवर शोधताना वर आलेल्या भलत्याच पानावरचा क्रमांक लावू नका, तिथे भामटे टपून बसलेले असतात.

"माझं कार्ड चालत नाही" असं म्हणालात तर समोरचा माणूस ठरावीक उत्तरं वाचून दाखवेल. त्याऐवजी हे विचारा: "आज अमुक वेळेला अमुक शहरातून आलेली रोखीची मागणी तुम्हाला दिसतेय का?"

नाही म्हणाला, तर मागणी बँकेपर्यंत पोचलीच नाही. दोष मशीनचा, त्याच्या बँकेचा किंवा नेटवर्कचा. दुसरं मशीन, शक्यतो दुसऱ्या नेटवर्कचं कार्ड.

दिसतेय म्हणाला, तर विचारा, "नकाराचा कोड काय आहे?" कार्डांच्या निरोपांसाठी आयएसओ ८५८३ या मानकातले दोन आकडी कोड सर्रास वापरले जातात, आणि बँकेतल्या माणसाला बहुधा ते दिसतात. मला पुन्हा पुन्हा भेटणारे हे:

५१ म्हणजे शिल्लक अपुरी, अडवलेली अनामत बघा. ५४ म्हणजे मुदत संपलेली. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे पिनचे प्रयत्न संपले. ५७ म्हणजे या कार्डाला हा व्यवहार करायची परवानगी नाही, इथे परदेशातल्या वापराचं बटण आठवा. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, ६५ म्हणजे किती वेळा काढता येईल त्याची. ६२ म्हणजे कार्डावर निर्बंध आहे. ९१ म्हणजे बँक किंवा मधली यंत्रणा उत्तर देत नाही, थोडं थांबा. ०५ हा नुसता "मान्य नाही" असा कोड. त्यात कारण सांगितलेलं नसतं, आणि बऱ्याचदा मागे सुरक्षेची रोक असते. ती काढायला सांगा आणि फोन चालू ठेवूनच मशीनवर पुन्हा प्रयत्न करा.

फोनवर पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन आकडे कुणी मागितले तर फोन ठेवून द्या. बँकेला ते लागत नाहीत.

पिनच बंद झाला असेल तर काही बँका दुसऱ्या दिवशी मोजणी आपोआप पुसतात, काहींत अ‍ॅपवरून नवा पिन करता येतो, काहींत काहीच करता येत नाही. तेव्हा पासपोर्ट आणि कार्ड घेऊन तिथल्या मोठ्या बँकेच्या शाखेत जा आणि काउंटरवर कार्डावरून रोख मिळेल का ते विचारा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या सदस्य बँकांत अशी सोय असते, जरी प्रत्येक शाखा ती देत नाही. क्रेडिट कार्डावर घेतलंत तर व्याजाचं वर सांगितलेलं लागू होतंच. घरून कुणी वेस्टर्न युनियनसारख्या सेवेनं पैसे पाठवू शकत असेल, तर ते पासपोर्ट दाखवून घेता येतात.

पैसे मिळाले, पण जास्त गेले

पडद्यावर "तुमच्या चलनात व्यवहार करायचा का, दर हमखास" असा प्रश्न येतो आणि हिरव्या रंगात "स्वीकारा" असतं. तिथे नकार द्यायचा. लोक घाबरतात की नकार दिला तर पैसेच मिळणार नाहीत. तसं होत नाही. नकार चलन बदलण्यापुरता असतो, व्यवहार चालूच राहतो आणि रूपांतर तुमच्या नेटवर्कच्या दरानं होतं. मशीनवाल्याच्या दरात त्याचा नफा मिळवलेला असतो. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून हा नफा युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत किती टक्के आहे ते दाखवणं बंधनकारक आहे. तो आकडा एकदा वाचा, मग हिरवं बटण दाबावंसं वाटणार नाही. एकदा स्वीकारलं की ते पैसे परत मिळवणं फार अवघड.

इथे लगेच थांबा

कार्ड अडकलं. मशीनसमोरून हलू नका. तिथूनच अ‍ॅपमध्ये कार्ड बंद करा, तात्पुरतं बंद करायची सोय असेल तर निदान ते. शाखा उघडी असेल तर आत जा. परदेशी कार्ड बँका बहुधा परत न देता नष्ट करतात, तेव्हा परत मिळेल या आशेवर कार्ड चालू ठेवू नका. अशा वेळी एखादा परका माणूस जवळ येऊन "पिन पुन्हा टाका, कार्ड बाहेर येईल" म्हणाला, तर पिन अजिबात टाकू नका. कार्डाच्या खाचेत पट्टी बसवून कार्ड अडकवायचं, बोलण्यात गुंतवून पिन बघायचा आणि माणूस गेला की कार्ड काढून घ्यायचं, ही चोरांची जुनी रीत आहे. खाच हलतेय, कीपॅड उचललेला दिसतोय असं वाटलं तर कार्ड घालूच नका, आणि घातलेलं असेल तर बँक आणि पोलीस दोघांना कळवा.

नोटा आल्या नाहीत आणि पैसे वजा झाले. पुन्हा मागणी करू नका. पण लगेच निघूनही जाऊ नका, मिनिटभर थांबा. काही मशीनं नोटा सावकाश देतात, आणि ठरावीक सेकंदांत उचलल्या नाहीत तर परत आत ओढून घेतात. नोटांच्या झडपेवर वरून काही चिकटवलेलं दिसतंय का बघा, नोटा अडकवणाऱ्या खोट्या पट्ट्याही लावल्या जातात. मग पावती घ्या. पावती आली नाही तर मशीनचा क्रमांक, पत्ता आणि पडद्यावरचा निरोप यांचा फोटो काढा आणि वेळ लिहून ठेवा.

तक्रार तुमच्या स्वतःच्या बँकेकडे करायची, मशीनच्या बँकेकडे नाही. तुमचं खातं त्यांच्याकडे नसल्यानं तिथला कारकून तुम्हाला परत पाठवणार, आणि त्याचं बरोबरच आहे. मशीनच्या रोखीचा हिशेब जुळवताना जादा नोटा सापडल्या की बऱ्याचदा रक्कम काही दिवसांत आपोआप परत येते. तरीही तिची वाट बघत तक्रार लांबवू नका, कारण तक्रारीला मुदत असते. तक्रार लेखी करा, तिचा क्रमांक घ्या, आणि मशीनचा क्रमांक, वेळ, मागितलेली रक्कम व मिळालेली रक्कम शून्य, या चार गोष्टी पहिल्याच निरोपात लिहा. त्यावरून तुमची बँक मशीनच्या बँकेकडे नोंदींचा पुरावा मागू शकते.

कार्ड आणि पैसे दोन्ही गेले आणि जवळ काहीच उरलं नाही, तर व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्हींच्या जागतिक मदतसेवा आहेत. तुमच्या बँकेच्या संमतीनं त्या तातडीचं बदली कार्ड किंवा रोख रकमेची सोय करून देतात. चोरी असेल तर आधी पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्या, बँक ती मागू शकते. पासपोर्टही गेला असेल तर त्याच दिवशी आपल्या देशाच्या वकिलातीत जायचं.